हवेची तहान

मी छागल बोलतेय. आजकालच्या मुलांना माझं नाव सांगितलं तर ती पायातली पैंजणं समजतात. तशी नाही मी. मी जाड किंतानाची पाण्याची पिशवी. वर लाकडी गळा, गळ्यात बूच आणि खांद्याला अडकवायला एक पट्टा. फ्रिज नव्हते तेव्हा बैलगाडीच्या जुवाला, जीपच्या पुढच्या दांडीला, रेल्वेच्या खिडकीला आम्ही लटकलेल्या असायचो. जिथं वारा, तिथं आमचं माहेर.

माझा जन्म शहागंजच्या बाजारातला. पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. छावणीतल्या जुन्या तंबूंचं कापड बाजारात आलं होतं. दाऊदभाई नावाच्या शिंप्यानं त्यातला एक तुकडा घेतला, दुहेरी टाके घातले, मेण लावलेल्या दोऱ्यानं गळा आवळला आणि मला पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. मी सगळीकडून गळायला लागले. दाऊदभाई हसला. म्हणाला, "गळने दो. नवा कपडा है, रोता है. भीगेगा, फुलेगा, तो छेद आपोआप बंद होते."

ते मी जन्मभर ध्यानात ठेवलं. कोरडी राहिले तर फाटते. भिजत राहिले तर धरून ठेवते.

मला विकत घेतलं हर्सूलच्या सोनाजीनं. मेंढरांचा कळप घेऊन तो वैजापूरच्या रानापर्यंत जायचा. त्याच्यामागं त्याचा मुलगा मुंजाबा मला खांद्याला अडकवून चालायचा. त्या रानात उन्हाचा असा कडाका की दगडाला हात लावला तर फोड यावा. पण जितकं ऊन वाढे तितकं माझ्या पोटातलं पाणी गार होई. वाटसरू घोटभर पिऊन विचारायचे, "बर्फ घातला का रं?"

बर्फ कसला. माझं गुपित अगदी साधं आहे. मला घाम येतो. पोटातलं पाणी किंतानातून थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि आमच्या मराठवाड्याची हवा ते पिऊन टाकते. पिऊन जाताना ती माझ्या अंगातली उष्णताही सोबत नेते. आमच्या हवेला उन्हाळ्यात फार तहान असते. मी तिला थेंब देते, ती मला गारवा देते. वैशाखात लोक उदकदान करतात ना, तसं माझं हे रोजचं दान चाललेलं असायचं. दिल्याशिवाय गार होता येत नाही, एवढंच मला कळत होतं.

पुढं मेंढरं गेली. मुंजाबा शेतावर आणि मग एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागला. घरात फ्रिज आला. मला धुऊन, वाळवून ट्रंकेत ठेवलं. कोरड्या अंधारात मी कित्येक वर्षं पडून होते. अंग कडक झालं, एका कडेला चीर गेली. आता आपला शेवट झाला, असं मी धरून चालले होते.

माझं नशीब उघडलं ते मुंजाबाच्या नातीनं. तिचं नाव साळू. पणजीचं नाव ठेवलेलं. नववीत होती आणि फुटबॉल खेळायची. मागं राहून बचाव करायची. समोरच्या संघातल्या मुली तिला साळिंदर म्हणायच्या, कारण तिच्या अंगाला लागून कुणी पुढं जात नसे. हर्सूलच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की काठाशी सपाट जमीन उघडी पडते. तिथं या मुली खेळायच्या. त्यांना शिकवायला तात्यासाहेब. हे शाळेतले निवृत्त कसरतीचे मास्तर. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी आणि बोलणं कडक.

प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी तिथं चहासारखं तापायचं. एके दिवशी साळू घरी येऊन म्हणाली, "आबा, पाणी पिलं तरी तहान जात नाय. तोंड भाजतं."

मुंजाबानं ट्रंक उघडली. मला बाहेर काढून झटकलं. चिरेला ठिगळ लावलं, नवं बूच बसवलं. मग हौदात बुडवून म्हणाला, "दोन दिस गळंल. गळू दे. मग बघ."

तिसऱ्या दिवशी मी तलावाच्या काठी बाभळीच्या फांदीला लटकत होते. मुलींनी माझं पाणी पिलं आणि एकमेकींकडं बघतच राहिल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या संघातली बारावी झाले.

त्या वर्षी त्या मुलींनी एक मोठी स्पर्धा जिंकली आणि त्यांना कोचीला बोलावणं आलं. समुद्राकाठी, परदेशचे संघ येणार, सोळा वर्षांखालच्या मुलींची निमंत्रितांची स्पर्धा. गावातून अशी मुलं कधी गेलीच नव्हती. तात्यासाहेबांनी वर्तमानपत्रात कोचीचं तापमान बघितलं आणि खूश झाले.

"तेहतीस," ते म्हणाले. "फक्त तेहतीस. आपल्या पोरी बेचाळीसात धावतात. तिथं तर आपली दिवाळीच. थंड देशातल्या पोरी कोमेजतील, आपल्या नाचतील."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. उन्हाची परीक्षा आम्ही जन्मल्यापासून देत आलो होतो, मग कसली भीती. उन्हातल्या माणसांना उन्हाचाच गर्व होतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जाण्याच्या आधी पंधरा दिवस साळू आईबरोबर साताऱ्याला खंडोबाच्या दर्शनाला गेली. हा सातारा आमच्या शहराला लागूनचा. साळूची आई पुतळाबाई, मोठी व्रतवैकल्यांची बाई. रविवार अळणी करायची, त्या दिवशी मिठाचा कण तोंडात नाही. चातुर्मासात एकदा जेवायची. पण तोंडावर कधी उपासाचा थकवा नाही, आणि दुसऱ्याला कधी उपास करायला लावला नाही. ती भंडारा घ्यायला बाहेरच्या दुकानाकडं वळली तेवढ्यात साळूनं हात जोडले. मी तिच्या खांद्याला होते, म्हणून मला ऐकू आलं.

"देवा, कप आणीपर्यंत मी मीठ खाणार नाय. एक कणबी नाय."

एवढंच. मग तिनं घाईघाईनं डोळे पुसले आणि कुणाला काही बोलली नाही. आईचा रविवार ती लहानपणापासून बघत होती. तिनं आपलं आठवड्याच्या सातही दिवसांचं केलं.

घरी कुणाला संशय आला नाही. भाकरीत मीठ नसतंच. ती भाकरी दुधात कुस्करून खायची, गुळाशी खायची. कालवण नको म्हणायची. "तिखटानं खोकला येतो, आई." पुतळाबाईला वाटलं, पोरगी खेळासाठी जपून खाते.

आम्ही मनमाडला गाडीत बसलो. निघताना मुंजाबानं साळूला सांगितलं, "छागल वाऱ्याला ठेव. आत कोंबू नको. ती वाऱ्यावर जगती."

तिनं मला खिडकीच्या गजाला बांधलं. नाशिकपर्यंत काय माझा थाट. येणारी-जाणारी माणसं थांबून पाणी मागत होती. मग कसारा घाट उतरलो आणि वारा बदलला. अंगाला लागायचा, पण काही घेऊन जात नव्हता. माझा घाम माझ्याच अंगावर राहायला लागला. मला वाटलं, प्रवासानं थकले असेन. पुढं कोकण लागलं, समुद्र आला, एक दिवस गेला, रात्र गेली. सकाळी साळूनं बूच काढून घोट घेतला आणि थबकली.

"आज गार नाय लागत," ती म्हणाली.

"झोपेतून उठलीस, तोंड आलं असंल," शेजारून सरूबाई म्हणाली. सरूबाई मुलींबरोबर आलेली, त्यांचं जेवणखाण आणि धुणंभांडं बघणारी. पन्नाशीची, ठणठणीत, तोंडाची फटकळ. मुली तिला मावशी म्हणत.

पहिला सामना थायलंडच्या मुलींबरोबर. आमच्या मुली मैदानात उतरल्या आणि पहिल्या मिनिटापासून वाघिणीसारख्या धावल्या. तात्यासाहेब काठावरून ओरडत होते, "दाबा, दाबा, सोडू नका." थायलंडच्या मुली मात्र सावकाश. दोघी-तिघी चेंडू एकमेकींना देत उभ्या राहायच्या, चालायच्या, मग अचानक एकच धाव. मधे मधे पाणी प्यायच्या, तहान लागायच्या आधीच. मानेवर बर्फाचा ओला कपडा ठेवायच्या. मला वाटलं, आळशी आहेत.

आळशी नव्हत्या. शहाण्या होत्या.

वीस मिनिटांत आमच्या मुलींचे चेहरे लाल झाले. अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, जणू कुणी घागर ओतली. पण धारा अंगावरून खाली ओघळत होत्या, वाळत नव्हत्या. माझी पण तीच गत. नारळाच्या झाडाला टांगलेली मी वरून खालपर्यंत ओलीगच्च, आणि पोटातलं पाणी कोमट. मुली धावत यायच्या, माझं ओलं अंग बघून त्यांना आशा वाटायची, घोट घ्यायच्या आणि निराश होऊन परत जायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तहानलेल्याला फसवलं. त्याचा मला फार त्रास झाला.

मध्यंतरानंतर एक मुलगी बसली ती उठली नाही. मग दुसरी. राखीव पाचही जणी खेळून झाल्या होत्या. शेवटची पंधरा मिनिटं मैदानावर आठच जणी उरल्या आणि आमच्यावर सहा गोल झाले. साळू शेवटून तिसऱ्या मिनिटाला पडली. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, पाय लाकडासारखे ताठ. उलटी झाली.

मैदानावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे पंजे मागं दाबून गोळे सोडवले, मग तिला तपासलं. "पाणी तर ही खूप प्यायलीय," त्या हिंदीत म्हणाल्या. "तरी गोळे येतात म्हणजे अंगातले क्षार कमी झालेत." त्यांनी क्षारांच्या पुडीचं पाणी दिलं आणि तात्यासाहेबांना बजावलं, "परवापर्यंत सुधारली नाही तर पुढचा सामना मी खेळू देणार नाही. ती अशी पुन्हा पडली तर जिवावर बेतेल."

साळूनं पेला ओठाला लावला. जिभेला खारट लागलं. डॉक्टरीणबाई वळल्या तशी तिनं ते सगळं नारळाच्या बुंध्याशी ओतून दिलं. बघणारी मी एकटीच, आणि मला कुठं बोलता येतं.

त्या संध्याकाळी मुली लवकरच सतरंजीवर आडव्या झाल्या. उतरायला एका शाळेचा मोठा हॉल दिला होता. तात्यासाहेब पाणी प्यायला माझ्याजवळ आले. हात लावला, ओला झाला. घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"ही एवढी घामेजलीय, मग पाणी गार का होत नाय?" ते स्वतःशीच बोलले.

सरूबाई दोरीवरचे टॉवेल चाचपत होती. "माझी धुणी तरी कुठं वाळायलीत, सर? काल सकाळी घातलेला टॉवेल, अजून पिळला तर पाणी निघंल."

"दमट हवा आहे."

"दमट म्हंजी काय? हितल्या हवेचं पोट भरलंय. आपल्याकडची हवा उपाशी असती, वला कपडा दिसला की वढून घेती. हिला तहानच नाय तर ती पिणार काय?"

तात्यासाहेब माझ्याकडं बघत राहिले. मग सतरंजीवर पडलेल्या मुलींकडं बघितलं. पंखा चालू होता आणि तरी त्यांच्या कपाळावर घाम तसाच होता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी तेहतीस आकडा बघितला," ते म्हणाले. "हवा बघितलीच नाय. पोरींचंबी या छागलीसारखंच होतंय, सरूबाई. घाम येतोय, पण गारवा येत नाय. आणि मी त्यांना म्हणत होतो, दाबा, दाबा."

माझ्यासारख्या किंतानाच्या पिशवीकडं बघून कुणाला काही उमगलं, हे मला नवीनच होतं. दिवसभराची लाज थोडी कमी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट झाली. सामन्यात घातलेले शर्ट सरूबाईनं धुवायच्या आधी पंख्याखाली टाकले होते. रातोरात ते कसेबसे वाळले आणि प्रत्येकीच्या पाठीवर, काखेत मिठाचे पांढरे नकाशे उमटले. सरूबाई एकेक शर्ट उचलून बादलीत टाकत होती. साळूच्या चार नंबरच्या शर्टाशी थांबली. त्याच्यावर पांढरं जवळजवळ नव्हतंच.

तिनं नखानं खरवडलं. उजेडात धरलं. मग साळूच्या उशाशी येऊन बसली.

"पोरी, कंचा उपास चाललाय?"

"कुठं काय, मावशी."

"काल भातावर सांबार घेतलं नायस. लोणचं शेजारणीला दिलंस. चार दिस मी बघायली, नुसता भात न् साखर. मला वाटलं, हितलं जेवण रुचंना. आता हा शर्ट सांगायलाय, तुझ्यात मीठच नाय."

साळू उठून बसली. गुडघ्यात तोंड घालून तिनं सगळं सांगितलं. "देवाला शब्द दिलाय, मावशी. मोडला तर समद्या संघाला लागंल."

"आणि तू मोडलीस तर?"

तात्यासाहेब दारात उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, पण सरूबाईनं हातानंच त्यांना थांबवलं. "तुमी नका बोलू, सर. ह्यात मास्तरचं काम नाय. हिच्या आईला फोन लावा."

फोन लागला. पुतळाबाईचा आवाज मला ओळखीचा. मागं हर्सूलच्या घरातली कोंबडी ओरडत होती, तीसुद्धा ओळखीची. साळूनं रडत रडत सांगितलं.

"आई, रागावलीस?"

"नाय गं. आठवायलीय. पंधरा दिस दुधात भाकरी खात व्हतीस न् मी म्हणायची, पोरगी किती शहाणी." मग ती थांबून म्हणाली, "माझं ऐक. मी अळणी रविवार करती ते सावलीत बसून. दुसऱ्या दिशी भाकरीवर मीठ-मिरची घेऊन खाती. देवाला माझं थोडं काय तरी देती, समदं नाय देत. जीव त्यानंच दिलाय, तो त्याला कशाला परत द्यायचा?"

"पण शब्द दिलाय."

"शब्द मोडायचा नायच. पुरा करायचा. नेमकं काय बोलली व्हतीस? जसंच्या तसं सांग."

"कप आणीपर्यंत मीठ खाणार नाय."

"कंचा कप?"

"म्हंजी?"

"फुटबॉलचा कप, सोन्याचा कप, असं बोललीस का?"

साळूनं डोळे पुसले. "नाय. नुसतं कप म्हणलं."

"मग जा की. दुकानातून चहाचा कप आण. आणलास की झालं पुरं."

फोनमधला आवाज हॉलभर ऐकू जात होता. मग कुठून तरी एक मुलगी फिसकन हसली, आणि बाकीच्यांनाही आवरेना. साळू मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "देवाला फसवल्यावाणी व्हतं, आई."

"फसवणं कसलं? त्याला ठावं हाय तुला काय म्हणायचं व्हतं. आणि मला काय म्हणायचंय तेबी ठावं हाय. तो मल्हारी धनगराघरचा जावई हाय, बाई. आपल्या बोलण्यातलं त्याला समदं कळतं. कप आण, डोक्याला लाव, पहिलं मीठ त्यात घालून खा. घरी आलीस की आपून दोघी कप घेऊन साताऱ्याला जाऊ, मी बोलती त्याच्याशी."

सरूबाई साळूला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. मी साळूच्या खांद्याला. दुकानदाराला मराठी येईना, सरूबाईला मल्याळम. तिनं आपल्या शहराची हिंदी काढली. "भय्या, कप होना. एकच होना."

त्यानं सहा कपांचा खोका पुढं केला. एकटा कप कुणी विकत नाही, असं तो खुणेनं सांगत होता.

"सहा का क्या करना? देव को एकच बोली है ये छोकरी."

त्याला काय कळलं कोण जाणे. साळूच्या तोंडाकडं बघून तो आत गेला आणि एक कप घेऊन आला. त्याच्या जोडीचे फुटलेले असावेत. पांढरा, वर लाल फूल, बशी नाही, काठावर एक टवका उडालेला. त्यानं तो कागदात गुंडाळून तसाच दिला.

हॉलवर येऊन साळूनं कप कपाळाला लावला. सरूबाईनं त्यात पाणी, लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. पंधरा-वीस दिवसांनी मिठाची चव. ती घुटकाघुटक्यानं पीत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सरूबाई म्हणाली, "रडू नको. आता कुठं मीठ पोटात गेलंय, लगेच डोळ्यातून घालवतीस काय."

मग दोन दिवस तात्यासाहेबांनी वेगळीच तालीम घेतली. सकाळी लवकर, थोडीच. "मी चुकलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. निवृत्त मास्तर असं म्हणतो तेव्हा मुली खाली बघतात, तशा त्यांनी बघितलं. "आता ऐका. चेंडूला घाम येत नाय, म्हणून धावायचं त्यानं. तुम्ही चालायचं. दर थोड्या वेळानं दोन घोट, तहान लागो न लागो. जिला गरगरलं तिनं हात वर करायचा, लाजायचं नाय. मला जिंकायचंय की नाय ते नंतर. मला शेवटच्या शिट्टीला अकराजणी उभ्या पायजेत."

आमच्या गटातला दुसरा आणि शेवटचा सामना मंगोलियाच्या मुलींबरोबर. त्या बर्फाच्या देशातल्या. या हवेची सवय व्हावी म्हणून दोन आठवडे आधीच येऊन राहिल्या होत्या. ते ऐकून तात्यासाहेबांनी कानाला हात लावला. "थंडीतल्या पोरी तयारी करून आल्या न् आपुन आदल्या दिशी उतरलो."

सामन्याच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी साळूला दोन्ही पायांवर उभं करून, बसवून, उठवून बघितलं. "खेळ," त्या म्हणाल्या. "पण पहिला गोळा आला की बाहेर."

त्या दिवशी माझ्यात मीठ पडलं. जन्मात पहिल्यांदा. मीठ, साखर, लिंबाचा रस, आणि सरूबाईनं बत्त्यानं फोडलेले बर्फाचे खडे माझ्या गळ्यातून एकेक करून आत सोडले. मला सुरुवातीला कमीपणा वाटला. मी छागल, मला बर्फ कशाला. पण जिथं हवाच मदत करत नाही तिथं कुणाची तरी मदत घ्यावी लागते. मान वाकवून घेतली की तीही गोडच लागते.

मंगोलियानं पहिल्या दहा मिनिटांत गोल केला. आमच्या मुली घाबरल्या नाहीत. चालत राहिल्या. चेंडू इकडून तिकडं, तिकडून मागं साळूकडं, साळूकडून पुन्हा पुढं. बघणाऱ्यांना कंटाळा आला असेल. वीस-पंचवीस मिनिटांनी पंचांनी पाण्यासाठी खेळ थांबवला, तेव्हा सगळ्या माझ्याभोवती जमल्या. घोट घेतला आणि एकीनं नुसतंच "आहा" म्हटलं. ते ऐकायला मी हर्सूलपासून आले होते.

उत्तरार्धात दोन्ही संघ थकले. पण आमच्या मुलींच्या पायांत थोडं शिल्लक होतं. शेवटची दहा मिनिटं असतील. साळूनं मागून एक लांब, सावकाश चेंडू उचलून दिला आणि आमच्या नऊ नंबरच्या मुलीनं डोक्यानं तो आत घातला. एकास एक.

त्यानंतर मंगोलियाची एक मुलगी आमच्या गोलाजवळ कोसळली. पोटरी धरून. चेंडू साळूच्या पायात होता, समोर मैदान मोकळं. तिनं एकदा त्या पोटरीकडं बघितलं. तो गोळा तिला ओळखीचा होता. तिनं चेंडू रेषेबाहेर मारला आणि त्या मुलीचा पाय दोन्ही हातांत धरून पंजा मागं दाबला, डॉक्टरीणबाईंनी तिचा दाबला होता तसाच. पंच आले, डॉक्टर आले, मुलीला काठावर आणलं. सरूबाईनं तो लाल फुलाचा कप माझ्यातून भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळं पिऊन टाकलं. मग कप पुन्हा पुढं केला.

"दे बाई, अजून दे," सरूबाई मला म्हणाली. "वैशाख चालू हाय."

शेवटची शिट्टी झाली. सामना बरोबरीत सुटला, आणि आम्ही पुढच्या फेरीत गेलो नाही. पण तात्यासाहेब काठावर बोट पुढं करून मोजत होते. नऊ, दहा, अकरा. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. मग शिट्टी खिशात ठेवून टोपीनं डोळे पुसले, आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मायलेकी साताऱ्याला गेल्या. पुतळाबाईनं कपात भंडारा भरला आणि देवापुढं ठेवला. गुरव बद्रीनाथ जरा वाकून बघत म्हणाला, "हे काय आणलं, बाई?"

"कप," पुतळाबाई म्हणाली.

"असला?"

"असलाच बोलली व्हती."

त्यानं भंडाऱ्याची चिमूट कपावर उधळली आणि कप परत दिला. देव काही बोलला नाही. देव बोलत नाही तेव्हा त्याला मान्य असतं, असं पुतळाबाईचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं.

आता मी म्हातारी झाले. मुंजाबा गेल्या पौषात गेला. माझ्या तळाला तीन ठिगळं आहेत, गळा तिसरा आहे, आणि पूर्वीइतकं पाणी माझ्यात मावत नाही. तरी तलावाकाठच्या बाभळीला मी रोज लटकते. खाली दगडावर तो टवका उडालेला कप असतो. प्रत्येक मुलीनं खेळायच्या आधी त्यातून घोटभर मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, असा तिथं आता नेमच झालाय. नवीन मुली विचारतात, "हा कप कशात मिळाला?" जुन्या मुली खरं सांगतात, आणि नव्यांना ते पटत नाही.

साळू मोठी झाली. परवा तिला पुन्हा बोलावणं आलं, या वेळी शेजारच्या देशातल्या चट्टग्रामला, पुन्हा समुद्राकाठी. ती दोन आठवडे आधी जाणार आहे. काल माझं बूच तपासत होती, तेव्हा पुतळाबाईनं विचारलं, "साताऱ्याला जाऊन आलीस. काय बोललीस देवाला?"

"कप आणीन म्हणलं. आणला की, आई, तुझ्या वजनाएवढा गूळ वाटीन."

"कंचा कप ते सांगितलंस का ह्या खेपेला?"

"नाय," साळू म्हणाली. "मुद्दाम नाय सांगितलं."

दोघी खूप वेळ हसत होत्या.

मला एकच मागायचं आहे. मला पुन्हा ट्रंकेत ठेवू नका. थोडी गळते म्हणून कोरडी करू नका. भिजवा, वाऱ्यावर टांगा, माझ्यातलं पाणी कुणालाही द्या, आपल्या किंवा समोरच्या संघातल्या कुणाही तहानलेल्याला. आणि मी बाहेरून ओली दिसले म्हणून आतलं पाणी गार आहे, असं धरून चालू नका. आधी एक घोट घेऊन बघा. माणसांचंही तसंच बघत जा.

फांदी हलतेय. आमची तहानलेली हवा आली. मी माझा थेंब तिला देते.